दोन्हीकडे अर्ज

हातखंब्याच्या नाक्यावर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पोरांची स्कॉलरशिप, म्हाताऱ्यांचं पेन्शन, गणपतीची रेल्वे तिकिटं, सगळं माझ्याकडे होतं. आसपासच्या निम्म्या माणसांची जन्मतारीख मला पाठ आहे. उरलेल्या निम्म्यांना ती स्वतःलाच माहीत नाही, त्यामुळे तीही मीच ठरवून दिलेली आहे. इतकी वर्षं हा धंदा करून मला एकच अक्कल आली: अर्ज एकाच ठिकाणी देऊन स्वस्थ बसू नये. एक ग्रामपंचायतीत द्यावा, एक तहसीलला द्यावा, आणि एक कुणाच्या तरी खिशात सारून ठेवावा. कुठून ना कुठून उत्तर येतंच.

हीच अक्कल मी मूल मिळवायच्या कामीही वापरली, आणि देव, सरकार आणि बायको अशा तिघांच्या देखत, भर खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, पकडला गेलो.

लग्नाला तेरा वर्षं झाली तेव्हाची गोष्ट. रत्नागिरीचे डॉक्टर झाले, कोल्हापूरचे झाले, मुंबईचे झाले. एके दिवशी भाकऱ्या थापता थापता बायको म्हणाली, "आता सुई नको. मला मूल हवंय. ते कुठल्या दारानं घरात येतं, ते मी विचारणार नाही."

मी म्हटलं, "बघतो, फॉर्म कुठला असतो ते."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की तव्यावरची भाकरी आपोआप फुगली.

पहिली वाट आईनं काढली. तिचं म्हणणं, "आपल्याच रक्ताचा घे. बाहेरचा कशाला?" मुंबईत माझा चुलतभाऊ राहतो. त्याला दोन मुलं होती आणि तिसरं येऊ घातलं होतं. त्याचाच फोन आला. "दादा, खोलीत पंखा एक. ही दोघं आत्ताच वाऱ्यावरून मारामाऱ्या करतात. आता होईल ते तुझं."

मी लगेच रत्नागिरीत एका म्हाताऱ्या वकिलांकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून समजावलं. हिंदू कायद्याप्रमाणे घरातल्या घरात दत्तक घेता येतं. मूल पंधरा वर्षांच्या आतलं हवं. घेणाऱ्या नवरा-बायकोची संमती हवी, देणाऱ्या आईबापांची हवी, आणि मूल खरोखर एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेलं पाहिजे. "नुसता कागद म्हणजे दत्तक नव्हे हो. आधी मूल ओटीत, मग दत्तकपत्र, मग त्याची नोंद. आणि आईची संमती म्हणजे आईची. भावाची धरू नका."

शेवटचं वाक्य माझ्या कानावर पडलं, पण आत गेलं नाही. मी दुकानात येऊन दत्तकपत्राचा मसुदा टाईप केला, मुलाच्या नावाची जागा रिकामी ठेवली, स्टँपपेपरवर छापला आणि दिवस भरल्यावर तो मागच्या खिशात घालून बायकोसह मुंबईला इस्पितळात हजर झालो.

भावजय खाटेवर बसलेली. बाळ टॉवेलात. आम्हाला बघून ती हसली, पण टॉवेलाची कड तिनं मुठीत अशी धरलेली की बोटं पांढरी पडली होती. मी भावाला बाजूला घेतलं. "तिला विचारलंयस ना?"

"सांगणार होतो दादा. विषय निघाला नाही."

"नऊ महिन्यांत विषय निघाला नाही?"

"आज सकाळी निघाला," तो म्हणाला. "तेव्हापासून ती बोलत नाही."

माझी बायको खाटेच्या कडेला बसली. पिशवीतून झबली काढली, बाळाच्या पायाशी ठेवली. बाळाकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "नाक अगदी तुझं घेतलंय हो. जप." आणि उठली. भावजयीची मूठ तेव्हा सुटली आणि ती ढसाढसा रडली.

बाहेर आल्यावर मी पुटपुटलो, "पण स्टँपपेपर..."

"त्यावर बसलायत मघापासून," बायको म्हणाली. "आता निजा त्याच्यावर."

दुसरी वाट दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवर सापडली. फॉर्म भरायला आलेला एक गृहस्थ खालच्या आवाजात म्हणाला, "कशाला त्या भानगडीत पडता? माझ्या ओळखीत एक बाई आहे. बाळ जन्मतं, सरळ दाखल्यावर तुमचं नाव. ना कोर्ट, ना कचेरी." मला ते फार सुटसुटीत वाटलं. सुटसुटीत काम म्हटलं की माझ्यातला एजंट जागा होतो. मी हौसेनं वकिलांना फोन केला. ते म्हणाले, "तुम्ही आत्ता जे बोललात ते मी ऐकलेलं नाही. याला दत्तक म्हणत नाहीत, मूल विकत घेणं म्हणतात. यात तुम्ही तुरुंगात जाल, आणि पोराला उद्या आपण कोण ते कधीच कळणार नाही. टपरी बदला." मी टपरी बदलली. नव्या टपरीवरचा चहा वाईट होता, पण कायदेशीर होता.

तिसऱ्या वाटेवर माझी जी शोभा झाली, ती अजून आमच्या घरात सणासुदीला सांगितली जाते. मला वाटायचं, संस्थेत जायचं, मुलं बघायची, एखादं आवडलं की आणायचं. आम्ही दोघं एका संस्थेत गेलो. मी हापूसची पेटी नेली होती. अधीक्षक बाई समोर बसल्या. मी घसा साफ केला आणि म्हटलं, "बघायला मिळतील का?"

"काय?"

"मुलं. म्हणजे एखादं पसंत पडलं तर..."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही पूर्णगडचे का?"

"नाही, आतल्या गावचे."

"मग पूर्णगडला जा. बंदरावर पापलेट घेताना कल्ला उघडून बघतात. इथं बघत नाहीत. इथं आम्ही मुलासाठी घर शोधतो. घरासाठी मूल नाही."

बायको आपल्या चपलेच्या अंगठ्याकडे एकटक बघत होती. पण बाई वाईट नव्हत्या. आंब्याची पेटी त्यांनी आत पाठवली (मुलांनी खाल्ली, ओरडा ऐकू आला), आणि मग शाळेत शिकवतात तसं शिकवलं. आता सगळं सरकारी पोर्टलवरून होतं. आधी नोंदणी. मग कागद. मग समाजसेविका घरी येऊन अहवाल लिहिणार. मग नंबर. नंबर आला की मुलाची माहिती आणि फोटो येणार, ठरावीक वेळात हो की नाही ते सांगायचं. मग भेट, मग मूल सांभाळायला घरी, आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश. तो झाला की मूल कायमचं तुमचं, पोटच्यासारखंच, वारसाहक्कासकट. "आणि काही मुलं अशी असतात," त्या म्हणाल्या, "की त्यांचे आईबाप असतात, पण सध्या सांभाळू शकत नाहीत. त्यांना काही काळ घर हवं असतं. ते दत्तक नव्हे, संगोपन. तेही करतात लोक."

घरी आल्यावर आईला हे सांगितलं. आई म्हणाली, "म्हणजे पोसायचा आणि परत द्यायचा? आणि तो मेल्याचा परत जाताना रडला तर?" मग स्वतःच म्हणाली, "आणि आपण रडलो तर?"

पोर्टलवरचा फॉर्म मी वीस मिनिटांत भरला. दुसऱ्यांचा भरतो त्यापेक्षा पाच मिनिटं कमी. तिथं एक गंमत कळली. लग्न जमवताना गुण मिळवतात, तशी इथं नवरा-बायकोच्या वयाची बेरीज करतात. आमची बेरीज अशी निघाली की तान्हं मूल काही मिळणार नव्हतं. आई खट्टू झाली. बायको म्हणाली, "मोठं येऊ दे. चार-पाच वर्षांचं आलं तर निदान ह्यांच्याशी वाद घालायला घरात कुणीतरी होईल."

समाजसेविका मॅडमचा फोन आला तो शिमग्याच्या दिवसांत. आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. खळ्यात बसते, घरातल्या बायका ओटी भरतात, आणि गुरवकाका देवाला गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं म्हणजे घराचं काय चाललंय आणि काय हवंय ते देवाला मोठ्यानं सांगायचं, आणि दर वाक्याला गावानं "होय महाराजा!" म्हणायचं. आमच्या घरचं गाऱ्हाणं तेरा वर्षं एकच होतं: "ह्यांच्या पोटी मूल दे महाराजा!" सगळा गाव ओरडायचा, "होय महाराजा!" आणि माझी बायको ताटातल्या नारळाकडे बघत उभी राहायची.

त्या वर्षी ती म्हणाली, "अहो, गुरवकाकांना आधीच सांगून या. यंदा 'पोटी' म्हणू नका म्हणावं. मला नाही ऐकवत."

मी गेलो. रविवारचा दिवस होता, काका पडवीत सुपारी कातरत बसले होते. वाटेत माझ्या डोक्यात धंद्याची अक्कल वळवळली. तेरा वर्षं एका टेबलावर अर्ज पडलाय. नवीन अर्ज दुसरीकडे केला म्हणून जुना रद्द कशाला करायचा? न जाणो, त्या टेबलावर सही होत आली असली तर? मी काकांच्या कानाशी लागून म्हटलं, "काका, नेहमीचं चालू दे. फक्त 'पोटी' एवढं तोंडातल्या तोंडात म्हणा, बायकोला कळू देऊ नका."

घरी येऊन बायकोला म्हटलं, "सांगितलं."

मॅडमना मी मुद्दाम शनिवार दिला होता, कारण शनिवारी पालखी वरच्या वाडीत असते. पण वरच्या वाडीत सुतक पडलं आणि पालखीनं वाडी वगळली. हे मला कळलं तेव्हा मॅडम आमच्या ओटीवर फाईल उघडून बसल्या होत्या आणि ढोल आमच्या बांधापर्यंत आले होते.

मॅडम तरुण होत्या, शांत बोलायच्या, पण प्रश्न मात्र आतडी बाहेर काढणारे. घरात कोण काय कमावतं, दारू पिता का, भांडण झालं तर आधी कोण बोलतं. (बायको म्हणाली, "मी." मी म्हटलं, "मी." मॅडमनी दोन्ही लिहिलं.) मग त्यांनी विचारलं, "आता नीट उत्तर द्या. स्वतःचं मूल होत नाही, हे तुम्ही दोघांनी मनातून स्वीकारलंय का? की अजून आशा धरून आहात? आशा असली तर येणारं मूल दुय्यम ठरतं. तसं असेल तर मी अहवाल पुढं पाठवणार नाही. थोडं थांबू म्हणेन."

बायको म्हणाली, "मी स्वीकारलंय."

मी म्हटलं, "छे छे! आमच्याकडे तो विषय संपला. फाईल बंद!"

मॅडमनी लिहिलं. ढोल अंगणात आले.

खळं भरलं. पालखी नाचली, पाटावर बसली. मॅडम उठून बाजूला झाल्या. "मी जाऊ का?" त्यांनी विचारलं. गुरवकाका म्हणाले, "थांबा ताई. देवासमोर सरकार काय नि आम्ही काय." त्या फाईल छातीशी धरून तुळशीजवळ थांबल्या. बायको ओटीचं ताट घेऊन पुढे झाली. काकांनी डोळे मिटले.

"हे बा देवा महाराजा!"

"होय महाराजा!"

"आज शिमग्याला तू ह्या लेकराच्या दारात आलास महाराजा!"

"होय महाराजा!"

"ह्याचा नाक्यावर दुकान हाय, तो चालू दे. ह्याच्या आईचे गुडघे बरे कर. आणि तेरा वर्षं हा तुझ्याकडं मूल मागतोय महाराजा!"

"होय महाराजा!"

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. गुरवकाका माणसांपासून काहीही लपवू शकतात, पण देवाला सांगताना हातचं राखायचं नाही हा त्यांचा नेम. हे मला माहीत होतं. मी विसरलो होतो.

"आणि गेल्या रविवारी हा माझ्या पडवीत येऊन, 'काका, नेहमीचा चालू ठेवा, फक्त बायकोला कळू देऊ नका' असा सांगून गेला महाराजा!"

गाव सवयीनं ओरडला, "होय महाराजा!" आणि मग काय ओरडलो ते गावाच्या लक्षात आलं.

"तर ह्याच्या पोटी मूल..."

"अहो," बायको म्हणाली.

मोठ्यानं नाही. तिच्या 'अहो'च्या अनेक तऱ्हा मला ठाऊक आहेत: चहा झालाय, कुणीतरी आलंय, दिवा घालवा. ही तऱ्हा नवीन होती. गाऱ्हाणं थांबलं. ढोलवाल्यानं टिपरू काखेत घातलं. तुळशीजवळ मॅडमनी फाईल उघडली आणि त्या पान मागे उलटू लागल्या. ते पान कुठलं, हे मला इथून न बघता कळलं. त्या पानावर आमचं मूल होतं, आणि मी नुकतीच त्यावर शाई सांडली होती.

"काका," मी घाईघाईनं म्हटलं, "ते सोडा. नवीन घाला गाऱ्हाणं. पोटी नको, असं."

काकांनी डोळे उघडले. "असं कसं? घातलेला गाऱ्हाणा आपोआप जात नाय. आधीचा मागं घ्यावा लागतो. आणि ज्यानं घातला, त्यानंच घ्यायचा."

माझ्या तोंडून निघून गेलं, "त्याचा काही नमुना असतो का?"

सगळं खळं हसलं. आईसुद्धा. बायको हसली नाही.

मी पालखीपुढे उभा राहिलो. हात जोडले. आणि तुम्हाला खोटं वाटेल, तोंडातून पहिले शब्द आले ते असे: "महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून..."

"अरे, देवाला महोदय काय म्हणतोस!" मागून एक म्हातारा ओरडला.

पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडलो. बोलायला गेलो तेव्हा समजलं की अर्ज मी नुसता धंद्याच्या सवयीनं तसाच ठेवला नव्हता. तेरा वर्षं मला एक मूल दिसत होतं, माझ्यासारख्या मोठ्या कानांचं. त्याला मी कुणाला न सांगता दुकानात शेजारच्या स्टुलावर बसवत होतो. ते पोर आता उठवायचं होतं.

"देवा," मी म्हटलं, "तेरा वर्षांचं मागं घेतो. पोटचं मागत नाही. खरंच मागत नाही. पण..."

पुढचा शब्द सापडेना. मागून बायकोचा आवाज आला. "पदरी."

"पदरी दे," मी म्हटलं. "कुणाचंही असू दे. कसंही असू दे. आलं की आमचं."

"मुलगा की मुलगी ते सांग की!" कुणीतरी ओरडलं.

"ते देव बघील!" बायको फाडकन म्हणाली, आणि तिनं ताटातला नारळ काकांच्या हातात दिला.

काकांनी डोळे मिटले आणि "ह्यांच्या पदरी दे महाराजा!" म्हणाले. त्यावर जो "होय महाराजा!" झाला त्यानं आमच्या छपराची दोन कौलं सरकली. पावसात तिथं गळतं.

पालखी गेल्यावर मॅडम पुन्हा ओटीवर बसल्या. मी समोर बसलो, अंग चोरून. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी फक्त मला.

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "मॅडम, खरं लिहा. ह्यांनी आजपर्यंत धरून ठेवलं होतं. आत्ता सोडलं, तुमच्यादेखत. पण मला न सांगता केलं, तेही लिहा."

"तेही लिहू?" मॅडमनी मला विचारलं.

"लिहा," मी म्हटलं. "ही नंतर वाचून बघणार आहे."

मॅडमनी जुनी ओळ खोडली आणि खाली बराच वेळ लिहीत राहिल्या. काय लिहिलं ते आम्हाला दिसलं नाही. जाताना म्हणाल्या, "या प्रश्नाला मला बहुतेक लोक 'हो' म्हणतात. शंभर माणसांना साक्षी ठेवून कुणी म्हटलं नव्हतं." अहवाल पुढे गेला. बायको माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी म्हणाली, "कान मोठे होते का हो त्याचे?" मी काही बोललो नव्हतो तरी तिला माहीत होतं. मी हो म्हटलं. तिनं चहा टाकला.

मग वाट बघणं आलं. अडीच वर्षं. एका दुपारी फोटो आला. पाच वर्षांची मुलगी, विदर्भाकडची, फोटो काढणाऱ्यावर रागावलेली. कान बेताचे. बायकोनं फोटो एकदाच बघितला आणि म्हणाली, "हिला कुणीतरी फसवून हसायला लावत होतं. हो म्हणा लवकर."

ती आली तेव्हा आमच्या घरात माशाचं कालवण शिजत होतं. तिनं दारातच नाक धरलं. "मले नाही पायजे हे." आईनं मला विचारलं, "काय बोलते ती?" मी भाषांतर केलं. आईनं आयुष्यात पहिल्यांदा घरात कुणाकडून माशाला नकार ऐकला आणि देव्हाऱ्याकडे बघितलं. आठवडाभरात आई वरणभात शिकली आणि पोरगी "गो आजी" शिकली. बायकोला ती चौथ्या दिवशी आई म्हणाली. मला मात्र काका. संस्थेत जो पुरुष यायचा तो काका, डॉक्टर काका, वॉचमन काका, भाजीवाले काका. त्या रांगेत मीही उभा राहिलो. बायकोनं समजावलं, आईनं दटावलं, गावातली माणसं दुकानात येऊन चिडवू लागली, "काय काका, पुतणी बरी आहे ना?" मी हसायचो. दुकान बंद करताना हसायचो नाही.

सहा महिन्यांनी मॅडम पाहणीला आल्या. आता त्या घरच्यासारख्या झाल्या होत्या, पण फाईल तशीच जाड. पोरगी जमिनीवर बसून माझ्या जुन्या फॉर्मांच्या पाठीवर चित्रं काढत होती. मॅडमनी तिला विचारलं, "हे कोण गं तुझे?"

"काका," ती मान वर न करता म्हणाली.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरात अमावस्या शोधू लागलो.

"बरं. आणि तुझे बाबा कुठे असतात?"

आता तिनं मान वर केली. मॅडमकडे बघितलं, जरा कीव केल्यासारखं, साधी गोष्ट न कळणाऱ्या माणसाकडे बघतात तसं.

"हेच तं हायेत बाबा. काका."

आणि ती पुन्हा चित्राकडे वळली.

मॅडमचं पेन कागदावर अडलं. "मूल वडिलांना काय म्हणून हाक मारतं, असा रकाना आहे," त्या मला म्हणाल्या. "काय लिहू?"

मला काही सुचेना. फॉर्म भरताना असं माझं कधी झालं नव्हतं.

"ती म्हणाली तेच लिहा," बायको म्हणाली, आणि मॅडमनी तेच लिहिलं.